तांबड्यापलीकडचे ऊन

चार्वाक म्हणतो, प्रत्यक्ष तेवढेच खरे. पण १८०० साली इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी विल्यम हर्शेलने लोलकातून सूर्यप्रकाश फाकवून रंगारंगांत तापमापक धरला, तेव्हा पारा सर्वाधिक चढला तो तांबड्यापलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. चार्वाक म्हणेल, ऊब त्वचेला कळते, म्हणजे तेही प्रत्यक्षच. ऊब कळते, हे खरे. पण ती सूर्याच्याच अदृश्य किरणांची, हे धुरावरून अग्नी जाणण्यासारखे अनुमान आहे. मग न दिसणारे सगळेच मानायचे का? मुळीच नाही. किरणांबाहेर ठेवलेले तापमापक तसे चढले नाहीत, म्हणूनच हर्शेलच्या अनुमानाला बळ आले. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या येना इथे रिटर या शास्त्रज्ञाला जांभळ्यापलीकडचे किरण सापडले, तेही चांदीच्या क्षाराच्या काळवंडण्यावरून.