वहीतली बंदूक

२२ सप्टेंबर २०१० रोजी ऑटवाच्या संसदेत खासदारांची नावं एकेक करून पुकारली गेली आणि शेवटी आकडे निघाले, १५३ आणि १५१. प्रश्न एका वहीचा होता. शेतावरच्या नि शिकारीच्या लांब नळीच्या बंदुका, म्हणजे रायफली आणि शॉटगन, कोणाकडे किती नि कुठल्या आहेत हे लिहून ठेवणारी सरकारी नोंद कॅनडानं चालू ठेवावी की बंद करावी? बंद करण्याचं विधेयक पुढे नेऊच नये, असा प्रस्ताव दोन मतांनी मंजूर झाला. वही वाचली.

बंदूकवाल्यांचा त्यानंतरचा संताप मी इथे बसून बातम्यांत वाचला आणि मला तो जरा हास्यास्पदच वाटला. कोणाची बंदूक काढून घेतली नव्हती. वहीत फक्त एक ओळ राहणार होती. गाडीची नोंदणी आपण करतो, घराची करतो, जन्मलेल्याची आणि मेलेल्याचीही करतो. मग बंदुकीची केली तर काय बिघडलं? हा युक्तिवाद मी चारचौघांत बऱ्याचदा ऐकवला आहे. कॅनडातही नोंदणीचे समर्थक तो वर्षानुवर्षं ऐकवत होते. बिनतोड आहे. फक्त तो ऐकून समोरचा बंदूकवाला पटून गप्प बसला, असं कधी दिसलं नाही.

माझा सूर बदलला तो मामामुळे. मामा कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे, त्याच्या वडिलांपासूनची. सिंधुदुर्गात अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत. भातात रानडुकरं शिरतात, नारळावर माकडं येतात, बंदूक माजघरात खुंटीवर असते. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून निरोप येतो. मामा बंदूक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एसटीनं ठाण्यावर नेतो. हवालदार नळीला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधतो, रजिस्टरात नंबर चढवतो, पावती फाडतो. एका निवडणुकीनंतर बंदूक परत आली ती घोड्यापाशी गंजून. मामानं आठवडाभर खोबरेल लावून लावून ती घासली. गंजाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. बोलला तो भलत्याच गोष्टीबद्दल. “चाळीस वर्सां झाली. मतदान इला की माका चोर समजतत.”

मी त्याला गाडीच्या नोंदणीचं सांगितलं. त्यानं विचारलं, निवडणूक लागली की तुझी गाडी जमा करून घेतात काय?

तर नोंद ही नुसती नोंद नसते. ती कोण ठेवतो, कोणाची ठेवतो आणि ठेवताना त्याच्या मनात काय असतं, हे वहीत लिहिलेलं नसलं तरी ज्याचं नाव चढलं त्याला ते वाचता येतं. आपल्याकडे हे नवं नाही. १८७८चा हत्यारांचा कायदा आला तेव्हा परवान्याची अट हिंदी माणसाला होती, गोऱ्याला नव्हती. आपल्या लोकांना खरी बोच बंदूक नसल्याची होती की या भेदाची, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. उलट कोडगूच्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे आणि ती आजही चालू आहे. ती सूट ते शस्त्रापेक्षा मान म्हणून जपतात.

या नजरेनं कॅनडाकडे पाहिलं तर एक मजेची गोष्ट दिसते. पिस्तुलांची नोंदणी तिथे १९३४पासून सक्तीची आहे. दुसऱ्या महायुद्धात लांब बंदुकांचीही नोंदणी झाली, युद्ध संपलं तशी ती बंद झाली. १९७७च्या कायद्यानं नवी बंदूक घ्यायची तर आधी प्रमाणपत्र काढा, असं सांगितलं. कुरकुर झाली असेल, पण देश दुभंगला नाही. शेजारच्या अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा घटनात्मक हक्क कॅनडात नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलेलं आहे. बंदूकवाल्यांनाही ते ठाऊक आहे. मग जी कल्पना साठ वर्षं कारकुनी मानली गेली, ती अब्रूवरचा घाला कधीपासून वाटू लागली?

६ डिसेंबर १९८९ला माँट्रिअलच्या एकोल पॉलिटेक्निक या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक माणूस अर्धस्वयंचलित रायफल घेऊन शिरला. एका वर्गात त्यानं मुलगे आणि मुली वेगळे केले, मुलग्यांना बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी त्यानं चौदा स्त्रिया मारल्या. कॅनडात बंदुकीबद्दल जे जे बोललं जातं त्याच्या तळाशी हा दिवस आहे. वाचलेल्या विद्यार्थिनी आणि गेलेल्यांचे आईबाप यांनी बंदूक नियंत्रणाची चळवळ उभी केली, आणि १९९५मध्ये लिबरल सरकारनं प्रत्येक बंदुकीची नोंद सक्तीची करणारा कायदा केला.

आता हाच कायदा सस्कॅचेवानच्या गहू पिकवणाऱ्याच्या ओसरीवरून पाहायचा. माँट्रिअलच्या खुन्याचं कृत्य त्याला आपल्याइतकंच घृणास्पद वाटलं होतं. पण सरकारनं त्यानंतर जी यादी करायला घेतली तिच्यात त्याचं नाव होतं. त्याची बावीस बोरची रायफल कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्यासाठी होती. काही जुन्या बंदुकांवर क्रमांकच कोरलेले नव्हते, तर त्यांच्यासाठी सरकारनं क्रमांकाच्या चिकटपट्ट्या पाठवल्या. ज्या वस्तूला दर मोसमाला तेल चोपडायचं तिच्यावर चिकटपट्टी! यावर ग्रामीण कॅनडा काय हसला असेल याची कल्पना कोकणातला माणूस सहज करू शकतो. हसू येण्यासारखं नव्हतं ते कलम पुढचं. नोंद करायची राहिली तर तो फौजदारी गुन्हा होता. फॉर्म भरायला विसरलेला शेतकरी आणि चोरीचं पिस्तूल खिशात घालून फिरणारा माणूस एकाच फौजदारी संहितेच्या छपराखाली आले.

शिवाय खर्च. उत्पन्न वजा जाता सरकारला वीसेक लाख डॉलरांची झळ बसेल, असं आधी सांगितलं होतं. २००२मध्ये महालेखापाल शीला फ्रेझर यांनी काढलेला हिशेब शंभर कोटी डॉलरांवर जात होता. वहीच्या बाजूच्या माणसाला या आकड्याचं उत्तर कधीच धड देता आलं नाही. मला वाटतं, नोंदणीचा निम्मा पराभव तिथेच झाला. लोक अपमान एक वेळ गिळतात, पण त्या अपमानाचं बिलही आपल्याच करातून फाडलं जातंय म्हटल्यावर गिळत नाहीत.

मॅनिटोबातल्या खासदार कँडिस हेपनर यांनी २००९मध्ये खासगी विधेयक आणलं, ते या सगळ्या साठलेल्या वाफेवर. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या वाचनात ते १६४ विरुद्ध १३७ मतांनी पुढे सरकलं. सत्ताधारी कॉन्झर्वेटिव्ह पक्षासोबत विरोधकांतले वीसजण होते, बारा न्यू डेमोक्रॅट आणि आठ लिबरल, बहुतेक ग्रामीण मतदारसंघांतले. पुढच्या दहा महिन्यांत यांतलीच माणसं फिरवण्याचा खेळ झाला. लिबरल नेते मायकेल इग्नॅटिएफ यांनी पक्षादेश काढला. न्यू डेमोक्रॅट जॅक लेटन यांनी तो काढला नाही. त्यांनी एकेकाला बसवून समजावलं. पहिल्यांदा नोंद चुकली तर गुन्ह्याऐवजी नुसता दंड करू, अशी वाट त्यांनी पुढे ठेवली. मला या सगळ्या प्रकरणात लेटन यांचं कौतुक वाटतं, कारण दुखणं कुठे आहे ते त्यांना नेमकं सापडलं होतं. दुखणं गुन्हा या शब्दात होतं. पण औषध पंधरा वर्षं उशिरा आलं. त्यांचे सहाजण फिरले आणि वही दोन मतांनी तरली.

मोठ्या फरकानं हरलेला माणूस नशिबाला बोल लावतो. दोन मतांनी हरलेल्याला नावं सापडतात. नोव्हेंबरात आपल्या बाजूनं उभे राहिलेले आणि सप्टेंबरात समोर जाऊन बसलेले कोण, हे उत्तर ऑन्टारिओ ते नोव्हा स्कॉशिया शिकाऱ्यांना पाठ झालं. कॅनडात तेव्हा बंदुकीचे परवानाधारक अठरा लाखांच्या घरात होते. त्यांत बदक मारणारा होता, चकतीवर नेम धरणारी होती, पणजोबांची रायफल नुसती भिंतीवर टांगणारा होता. त्यांना एकमेकांशी फारसं देणंघेणं नव्हतं. नोंदणीनं त्यांची नावं एका यादीत आणली आणि १५३-१५१नं त्या यादीची जमात केली. ‘कायदा पाळणारे शिकारी, शेतकरी आणि नेमबाज’ हा शब्दप्रयोग पंतप्रधान हार्पर यांच्या पक्षाच्या भाषणांत इतक्यांदा आला की तो एखाद्या जातीच्या नावासारखा वाटू लागला. सरकारच्या वहीला हे अभिप्रेत नव्हतं. पण जनगणनेच्या रकान्यांनी माणसं कशी घट्ट होतात, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

मे २०११च्या निवडणुकीत हार्पर यांना बहुमत मिळालं. फेब्रुवारी २०१२मध्ये नवं विधेयक १५९ विरुद्ध १३० मतांनी मंजूर झालं आणि ५ एप्रिलला त्याचा कायदा झाला. आता दोन मतांचा प्रश्न उरला नव्हता. माणसाचा परवाना राहिला, बंदुकीची नोंद गेली. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण कायद्यात आणखी एक कलम होतं आणि मला ते सगळ्यांत बोलकं वाटतं. पुढची नोंद थांबवून भागणार नव्हतं, आधी झालेली नोंदही नष्ट करायची होती. क्वेबेक न्यायालयात गेल्यामुळे तिथली नोंद तेवढी अडकली. उरलेल्या देशातली, पन्नास लाखांहून अधिक बंदुकांची माहिती त्याच वर्षी पुसली गेली. एवढा पैसा घालून जमवलेली माहिती. एखाद्या प्रांताला ती स्वतःच्या खर्चानं ठेवायची असेल तर देऊन टाका, असंही सरकारला म्हणवेना.

मला सुपं आठवलं. पुणे जिल्ह्यातलं, मे १८७५चं. कर्जानं पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरं फोडली तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांनी माणसांना हात लावला नाही. रोखे, खतं, वह्या ओढून बाहेर काढल्या आणि पेटवल्या. त्यांच्या दृष्टीनं कर्ज तिजोरीत नव्हतं, कागदात होतं. मी या दोहोंना एका मापानं मोजत नाही. सुप्याचा कुणबी उपाशी होता, अल्बर्टातला शिकारी पिकअप ट्रकमधून फिरत होता. पण ज्या कागदात आपल्याला दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलंय तो कागद जगात शिल्लकच राहू नये, ही तहान तीच आहे.

आणि तहान खरी असली म्हणून ती भागवावी, असं ठरत नाही. पुसलं गेलं ते काय होतं, हे पोलिसांना माहीत होतं. घरगुती भांडणाच्या फोनवर एखाद्या घराचं दार वाजवण्यापूर्वी आत किती बंदुका आहेत, हे त्यांना त्या वहीतून कळायचं. म्हणून पोलीसप्रमुखांची संघटना शेवटपर्यंत वहीच्या बाजूनं होती. नाताली प्रोव्होस्त यांना पॉलिटेक्निकमध्ये चार गोळ्या लागल्या होत्या. त्या वाचल्या, अभियंता झाल्या, वर्षानुवर्षं नियंत्रणासाठी बोलत राहिल्या आणि २०२५मध्ये खासदार म्हणून निवडून आल्या. मान शेतकऱ्याचा आणि जीव बाईचा असा हा तराजू आहे, असं चळवळीतल्या लोकांचं म्हणणं. मामाची बंदूक बाजूला ठेवून मी विचार केला तर माझं पारडं आजही त्यांच्याच बाजूला झुकतं. बाजूला ठेवली तर.

क्वेबेकचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०१५मध्ये तो प्रांत ५ विरुद्ध ४ असा हरला. क्वेबेकमधून आलेले तिन्ही न्यायाधीश अल्पमतात होते. म्हणजे पुन्हा काठावरचा निकाल, फक्त या वेळी जखम दुसऱ्या बाजूला. क्वेबेकनं मग तेच केलं जे दोन मतांनी हरलेल्या शिकाऱ्यांनी केलं होतं, हार मानली नाही. प्रांताचा वेगळा कायदा केला, वेगळी वही उघडली आणि २०१९च्या जानेवारीपर्यंत सगळ्यांना आपापल्या बंदुका तिच्यात चढवायला लावल्या.

वाद मात्र तोवर वहीच्या पुढे गेला होता. एप्रिल २०२०मध्ये नोव्हा स्कॉशियात एका माणसानं बावीसजण मारले आणि ट्रूडो सरकारनं दोन आठवड्यांत दीड हजारांच्या आसपास प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली. २०२२च्या अखेरीस सरकारच्या एका दुरुस्तीमुळे बंदीची यादी शिकारीच्या बंदुकांपर्यंत पोहोचतेय असं दिसल्यावर माँट्रिअलच्या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक केरी प्राइस यानं शिकारीच्या वेशात, हातात बंदूक घेतलेला स्वतःचा फोटो टाकला. पॉलिटेक्निकच्या स्मृतिदिनाला दोन-चार दिवस उरले होते आणि शहरही तेच होतं. लोक खवळले. पण प्राइस उल्काचो या आदिवासी समाजातला. त्याच्या घरात शिकार म्हणजे जेवणही आणि वारसाही. शहरी पुरोगाम्यांना ‘अडाणी बंदूकवाला’ म्हणून हिणवता येईल असा हा माणूस नव्हता. फेब्रुवारी २०२३मध्ये सरकारनं ती दुरुस्ती मागे घेतली.

गेल्या विधानसभा निवडणुकीनंतर मी मामाकडे गेलो होतो. बंदूक परत खुंटीवर होती, या वेळी गंज नव्हता. मी त्याला कॅनडाची गोष्ट सांगितली, वह्या पुसून टाकल्याची. त्याला ती पसंत पडली असावी, कारण त्यानं दोनदा विचारलं, “सगळ्यो?” मग उठून त्यानं कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत ठाण्याच्या पावत्या होत्या, एकूण एक निवडणुकीच्या, तारीखवार लावून दोऱ्यानं बांधलेल्या. सर्वांत खालची इतकी पिवळी की घडीवर तुटत होती. बंदूक तर परत मिळाली, मग या कशाला ठेवल्यास, असं मी विचारलं. त्यानं नवी पावती वर ठेवली, दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाला, “उद्या कोणी इचारल्यान तर?”