फडावरून आलेल्या पाठींसाठी

हे परळीच्या वैजनाथा,

बारा ज्योतिर्लिंगांत नाव परळीचं घ्यायचं की देवघरचं, हा वाद पंडितांनी घालत बसावा. बीड जिल्ह्यात दुखणं घेऊन माणूस तुझ्याच पायऱ्या चढतो. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी तुझ्या पिंडीत लपवले होते, असं आमच्याकडे सांगतात. असुरांनी हात लावला तेव्हा ज्वाळा निघाल्या, भक्तांनी लावला तेव्हा अमृत पाझरलं. मला तो दुसरा हात दे. मी योग शिकवते, आणि समोरच्या बाईच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय तिला काय सांगावं ते मला उमगत नाही.

दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूरकडच्या वस्त्यांवर म्हातारीकोतारी तेवढी उरतात. बाकीच्यांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंधारातच फडात उतरायचं, वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, वाढं छाटायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. खाडा झाला की पैसे कापले, मग अंगात ताप असो की पाळी. उन्हाळ्याच्या तोंडाला बाया परततात तेव्हा म्हणतात, कंबर धरलीय. मणक्यात गॅप आलाय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पिशवी काढल्यापासून अंगात जीवच राहिला नाही.

त्या पिशव्यांचा हिशेब तुझ्याकडे असेलच. सरकारदरबारी तो २०१९ मध्ये झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींमागे एक. कुणाला कॅन्सरची भीती घातली होती, कुणी खाड्याच्या धास्तीने आपणहून टेबलावर चढली होती. कित्येकींनी तेव्हा चाळिशीही पाहिली नव्हती.

अशा बाईला, देवा, मी सूर्यनमस्कार घालायला लावू? योगदिनी, २१ जूनला, मैदानावर सगळ्यांना मिळून पाऊण तासाचा एकच साचा करवतात. त्या दिवसाला माझी ना नाही. एरवी चटईकडे न फिरकणारे लोक तेवढ्यापुरते तरी हात वर करतात. पण जी सहा महिने कमरेतून वाकलेलीच होती, तिला मी आणखी पुढे वाकवू नये, एवढी अक्कल मला दे. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली असतील तर हाडं अकाली ठिसूळ होतात, आणि पुढे वाकवलेला ठिसूळ मणका चेपूही शकतो. तिला आधी उताणं निजू दे. पोटऱ्या खाटेवर, पाठीखाली घडी घातलेली वाकळ, श्वास सोडताना जरा लांबवायचा. बस. तिच्या शेजारच्या आजीला बीपी आहे, तिला डोकं खाली घालायला लावायचं नाही, श्वास कोंडायला लावायचं नाही. तिसरीची मांडी आखडलीय, पण खरं दुखणं झोपेचं आहे. शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. मग मी एकच आसन तिघींना कसं वाटू?

ही वाट मी शोधलेली नाही. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभारलं आणि आसनांनी शरीरात नेमकं काय घडतं ते यंत्रं लावून तपासलं. श्रद्धेला मोजमापाची लाज वाटू नये, हे मला त्यांच्याकडून घ्यायचं आहे. अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये पुण्यात आले. लहानपणी दुखण्यांनी पोखरलेला हा माणूस. पुढे त्यांनी खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, लोड हाताशी घेतले, म्हणजे आसन माणसाकडे येईल, माणसाला आसनाकडे फरफटत जावं लागणार नाही. १९५२ मध्ये मुंबईत यहुदी मेन्युहिन त्यांना भेटले, जगभर गाजलेले व्हायोलिनवादक, थकलेले आणि झोपेला पारखे. गुरुजींच्या हाताखाली ते तिथेच झोपी गेले म्हणतात. व्हायोलिन धरणाऱ्या मनगटाला एवढी निगराणी मिळाली, ती मिळायलाच हवी होती. कोयता धरणाऱ्या मनगटालाही तेवढीच मिळू दे, एवढंच माझं मागणं आहे. लोड नसेल तर धान्याचं पोतं चालेल. दोर तर घरोघर आहे, दाव्याचा.

माझ्या जिभेला आवर घाल. योगाने सगळं बरं होतं, असं वाक्य माझ्या तोंडून निघू देऊ नकोस. पायाला मुंग्या येता येता पाय लुळा पडायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला, चालताना छाती दाटून आली, तर चटई गुंडाळून तिला तडक अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाच्या सरकारी रुग्णालयात धाडायची घाई मला होऊ दे. शुगरची गोळी कुणी माझ्या भरवशावर बंद केली, तर तिला रागे भरायचं बळ दे.

आणि एक मागणं जरा भांडून मागते. आम्ही श्वास शिकवतो तेव्हा मुकादम, कारखाना, सरकार सगळे खूश होतात, कारण श्वासाला पैसे पडत नाहीत. शवासन हा सुट्टीला पर्याय नाही, देवा. फडाजवळ आडोशाची मोरी, प्यायला स्वच्छ पाणी, पाळीच्या दिवसांत खाड्याचे पैसे न कापणं, यातलं काही मी वाकळीच्या घडीतून काढू शकत नाही. ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्या पाठीलाही एखादी उसण भरव, थोडीच, कळण्यापुरती.

उद्या केजकडची एक मावशी येणार आहे. उजवा खांदा वर जात नाही, एवढा निरोप आला आहे. खांदा बघायच्या आधी मला विचारायची बुद्धी दे: मावशी, मोळी कुठल्या हाताने उचलता, निजता कुठल्या कुशीवर, आणि सकाळपासून काही खाल्लंय का?