घड्याळ तेच की दुसरे?

१९७० च्या दशकात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने रोलेक्सकडून जी सबमरीनर घड्याळे घेतली, ती दुकानात मिळणाऱ्या सबमरीनरपेक्षा वेगळी होती. काटे तलवारीच्या पात्यासारखे रुंद. फिरत्या कडेवर साठही मिनिटांच्या खुणा. पट्ट्याच्या दांड्या केसला कायमच्या जोडलेल्या, कारण स्प्रिंगवर बसणारी नेहमीची दांडी पाण्याखाली निसटली तर घड्याळ थेट तळाशी जाते. तबकडीवर वर्तुळात इंग्रजी टी हे अक्षर, म्हणजे चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम असल्याची सूचना. मागच्या झाकणावर सरकारी मालमत्तेचा बाण, नौदलाचे असेल तर ०५५२ आणि भूदलाचे असेल तर डब्ल्यू१०, शिवाय वर्ष. सेवेतून बाहेर पडल्यावर यांतली अनेक घड्याळे नागरी दुरुस्तीला गेली आणि साध्या सबमरीनरचे काटे लावून परत आली. काहींच्या पक्क्या दांड्याही काढून टाकल्या गेल्या. असे घड्याळ आज जीर्णोद्धारासाठी घड्याळजीच्या टेबलावर येते, तेव्हा प्रश्न कारागिरीचा वाटतो, पण मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. यातले कोणते घड्याळ परत आणायचे? कारखान्यातून निघालेले, सैनिकाच्या मनगटावरचे, की आज समोर पडलेले? आणि परत आणल्यावर ते तेच राहते का?

हा प्रश्न जुना आहे. ग्रीकांनी तो एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला, आणि आपल्याकडे बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदापुढे रथाबद्दल मांडला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, सगळ्यांची बेरीजही रथ नव्हे. या सगळ्यांच्या आधाराने आपण जे नाव वापरतो ते रथ. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा पदार्थ आहे. पण मग एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो, हेही त्यांना मानावे लागते. हा नियम घड्याळाला काटेकोरपणे लावला तर पहिली स्प्रिंग बदलली त्या दिवशीच ते संपले. नौदलात वापरात असतानाही घड्याळे उघडली जात, काचा आणि वॉशर बदलले जात. म्हणजे ज्या पाणबुड्याने शेवटी ते मनगटावर बांधले, त्याच्याकडेही मूळ घड्याळ नव्हते असे म्हणावे लागेल. कारखान्यातल्या पहिल्या दिवसाला मूळ मानण्याची संग्राहकांची सवय इथेच कोसळते. सैन्याचे घड्याळ मौल्यवान ठरते ते त्याच्या सेवेमुळे, आणि सेवा म्हणजे झीज व दुरुस्ती.

यावर कोणी म्हणेल, ओळख हे नुसते नावच असेल तर कोणताही भाग कुठेही बसवायला हरकत काय? नागसेनाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आंबे चोरणारा म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, मग मी चोर कसा? नागसेन म्हणतो, तरीही तो दोषी, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांमुळेच आले. वस्तू स्थिर नसली तरी कारणांची साखळी खरी असते आणि जबाबदारी त्या साखळीतून वाहते. मला हाच आधार पुरेसा वाटतो. घड्याळाची ओळख त्याच्या अखंड इतिहासात आहे. १९७५ साली दिलेल्या घड्याळात नंतर नवी स्प्रिंग बसली तर साखळी पुढे चालू राहते. पण साध्या सबमरीनरच्या झाकणावर आज बाण आणि ०५५२ कोरले, तर जे कधी घडलेच नाही ते घडले असे सांगितले जाते. काढलेल्या फळ्यांचे दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते, हा थॉमस हॉब्जने थीसियसच्या जहाजाला जोडलेला पेच जुन्या घड्याळांच्या व्यापारात प्रत्यक्ष दिसतो: एकाच घड्याळाची तबकडी एका केसमध्ये जाते, कोरलेले झाकण दुसऱ्या केसवर चढते, आणि दोन्ही तेच घड्याळ म्हणून विकली जातात.

म्हणून मी घड्याळाच्या भागांमध्ये एक फरक करतो. काही भाग काम करतात, काही भाग बोलतात. स्प्रिंग, दातेरी चाके, तेल, रबरी वॉशर हे काम करतात. त्यांचा कोणताही दावा नसतो. तबकडी, काटे, झाकणावरचे कोरीव आकडे आणि चमकणारा रंग बोलतात, आणि जे बोलते ते खोटे बोलू शकते. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासू माणसाचा असेल तरच. अशा घड्याळाला हात लावणारा घड्याळजी त्याच्या वतीने साक्ष देत असतो.

चमकणाऱ्या रंगाचेच पाहा. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. पन्नास वर्षांत त्याचा जेमतेम सोळावा भाग उरतो. तेव्हा १९७५ ची तबकडी आज अंधारात झगझगत असेल, तर कोणीतरी तिला नवा रंग दिला आहे. विझलेला, पिवळसर झालेला रंग हे वयाचे प्रमाणपत्र आहे आणि ते पुसून उजेड आणणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. मात्र इथे एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या नौदलाने वापरलेल्या पानेराई घड्याळांत रेडियम होते. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे. रंगातले झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे तबकडी अंधारात चमकेनाशी होते, पण किरणोत्सार तसाच चालू राहतो, आणि घड्याळ उघडल्यावर सुटणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाऊ शकते. पुरावा जपण्याचे कर्तव्य जिवंत माणसाच्या शरीरापुढे थांबते. तो रंग सुटत असेल तर योग्य साधनांनी काढावा, आणि काढला हे लिहून ठेवावे. उलट उदाहरण अमेरिकी नौदलाच्या टॉर्नेक-रेव्हिल घड्याळांचे. १९६० च्या दशकातल्या या घड्याळांत प्रोमेथियम होते आणि पाठीवर किरणोत्साराचा इशारा कोरलेला होता. पुढे यांतली बरीच घड्याळे किरणोत्सारी कचरा म्हणून नष्ट करण्यात आली. प्रोमेथियमचे अर्धायुष्य सुमारे २.६ वर्षांचे. जी थोडी घड्याळे उरली, त्यांतला तो धोका केव्हाच ओसरला आहे. त्यांच्या रंगाला हात लावायला कोणतेही कारण नाही.

सर्वांत बळकट आक्षेप हेतूचा आहे. कॅप्टन रॉबेर मालुबिए आणि क्लोद रिफो या फ्रेंच अधिकाऱ्यांना १९५३ च्या सुमारास आपल्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ हवे होते ते पाण्याखाली वेळ कळावी म्हणून. ब्लांपाँचे फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ त्या कसोटीला उतरले. मग पाणी आत घेणारे, अंधारात न दिसणारे घड्याळ जपणे म्हणजे त्याच्या धर्माशी प्रतारणा नाही का? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच जॉन रस्किनने १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धाराला सरसकट असत्य ठरवले, ते मला घड्याळाबाबत पटत नाही. तेल सुकलेले यंत्र तसेच चालत राहिले तर स्वतःचाच धातू खाते. हात न लावणे हीसुद्धा एक कृती आहे. यंत्र साफ करावे, तेल द्यावे, वॉशर नवे घालावेत. पण आज पाण्याखाली कोणाचा जीव या काट्यांवर अवलंबून नाही. त्या कामासाठी डाइव्ह कॉम्प्युटर आहेत. वापराचा हेतू पूर्ण झालेल्या वस्तूकडे साक्ष देण्याचा हेतू उरतो, आणि दोन्हींत विरोध आला तर साक्षीला वरचे स्थान द्यावे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी घातलेली मर्यादा इथेही लागू पडते: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. केसला पॉलिश मारू नये. घासून गेलेला धातू परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर कडांचा मूळ घाटही जातो. हरवलेल्या तलवारी काट्यांच्या जागी त्याच काळाचे काटे मिळाले तर ते खुशाल बसवावेत, पण ते बाहेरून आणले हे सांगून.

ही युद्धाची हत्यारे आहेत, त्यांच्यावर इतकी माया कशाला, असेही विचारले जाते. १९ डिसेंबर १९४१ च्या पहाटे पानेराई घड्याळे वापरणाऱ्या त्याच इटालियन नौदलाच्या सहा पाणबुड्या सैनिकांनी अलेक्झांड्रिया बंदरात शिरून क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या ब्रिटिश युद्धनौकांखाली स्फोट घडवले. फॅसिस्ट राजवटीसाठी दाखवलेले ते धैर्य होते, आणि ही गाठ सुटी करता येत नाही. म्हणून तर अशा काळातली वस्तू चकचकीत करून दागिना बनवणे मला अधिक खटकते. तिच्यावरचे ओरखडे राहिले तर निदान ती कशासाठी बनली हे विसरता येत नाही.

जो घड्याळजी असे काम घेतो त्याने उघडण्यापूर्वीचे फोटो, बदललेल्या प्रत्येक भागाची यादी आणि काढलेले जुने भाग मालकाच्या हाती द्यावेत. रेडियमचा रंग तेवढा त्याला अपवाद. लिलावात अशा घड्याळांच्या किमती कोटीच्या घरात जातात, तेव्हा घेणाऱ्याने किमतीच्या आधी ही यादी मागावी. ती मिळत नसेल तर त्या घड्याळाची साक्ष ग्राह्य धरू नये आणि ते घेऊही नये.