हिरवी खूण मला दाखवू नकोस

‘बाई, सगळ्या टेस्ट पास!’ आणि त्यापुढे हसरा चेहरा. हसू कसलं येतंय तुला? सांगलीहून मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला गेलास, पण परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल उतरवायची सवय काही गेली नाही.

तुझ्या टेस्टमधली एकुलती एक ओळ वाचली मी: "ईडन प्रेरी". डबल कोटांची एकच जोडी. तिच्यावर रेगेक्स म्हणून ".*" चालव नाहीतर ".*?" चालव, उत्तर तेच येणार. ज्या ओळीवर पहिला म्हणजे ग्रीडी आणि दुसरा म्हणजे लेझी, दोघं सारखंच बोलतात, त्या ओळीने तू तपासलंस काय? कीबोर्ड चालतो का, एवढंच ना?

आता तुझ्या फायलीत खरी येते तशी ओळ घे: "ईडन प्रेरी","मिनेसोटा","५५३४४". ग्रीडी पहिल्या कोटापासून शेवटच्या कोटापर्यंत सगळं घेऊन बसतो. पंगतीतल्या अधाशासारखा अख्खं पातेलं आधी ताटात ओतून घेतो, आणि पुढच्याला काहीच उरलं नाही म्हटल्यावर एकेक घास परत ठेवतो. त्या परत ठेवण्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. फळ्यावर काढून दाखवलं होतं, तू खिडकीबाहेर बघत होतास.

‘मग प्रश्नचिन्ह लावलंय की!’ लावलंयस खरं. १९९४ साली पर्ल ५ने ही सोय आणली, तेव्हापासून सगळे डोळे मिटून लावतात. साध्या ग्रेप कमांडमध्ये लावून बघ, तो त्याला खरोखरचं प्रश्नचिन्ह समजून ओळीत शोधत बसेल. आणि ‘लेझी म्हणजे सगळ्यात आखूड जुळणी’ अशी जी कॉमेंट लिहिली आहेस, ती आधी खोड. ककग या अक्षरांवर क.*?ग चालव. कग येईल वाटतं ना? येतं ककग. इंजिन डावीकडून निघतं, पहिल्या क वर पाय रोवतं आणि तिथूनच पुढे जाऊन ग शोधतं. लेझी आखडता हात घेतो तो फक्त शेवटाच्या बाजूला, सुरुवात त्याच्या हातात नसते. आणखी एक बघ. त्याच तीन कॉलमांच्या ओळीवर ^".*?"$ लाव. शेवटच्या डॉलरपायी लेझीलाही अख्खी ओळ गिळावी लागते. हे तुझ्या एकाही टेस्टमध्ये नाही.

तुझ्या फायलीत मराठी नावंही आहेत म्हणे. मग .+? हे ‘किरण’वर चालवून पाहिलंस? हातात ‘क’ येतो आणि वेलांटी मागे राहते, कारण बहुतेक इंजिनांच्या लेखी ती वेगळी खूण आहे. मराठी आईबापांच्या पोराला हे सुचू नये?

टेस्ट हिरव्या असून काय होतं, ते २ जुलै २०१९ला जगाने पाहिलं. वेबसाइटांची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने एक नवा नियम सगळीकडे एकदम सोडला. त्यातला घातक भाग सोपा करून लिहिला तर .*.*=.* एवढाच. सर्व्हरचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेले आणि सुमारे सत्तावीस मिनिटं असंख्य साइट बंद पडल्या. टेस्ट त्यांच्याकडेही होत्या. पण पॅटर्न प्रोसेसर किती खातो, हे मोजणारी एकही नव्हती. इथे प्रश्नचिन्हं चिकटवून सुटशील असं समजू नकोस. जुळणीच नसेल, तर बॅकट्रॅकिंग करणारा लेझीसुद्धा सगळ्या शक्यता चाळून मगच ‘नाही’ म्हणतो.

कोटांमधला मजकूर हवा असेल तर तसं स्पष्ट लिही: "[^"]*". कोट सोडून काहीही. यात हावरेपणाला वावच उरत नाही. तुला हे येतं, फक्त टंकायचा कंटाळा.

बाहेर बर्फ पडतंय हे कारण मला सांगायचं नाही. मिनेसोटात हिवाळ्यात बर्फ पडणारच. टेस्टमध्ये रिकामे कोट असलेली ओळ घाल. कोट उघडून न मिटलेली ओळ घाल. मजकुरात मध्येच नवी ओळ आलेली नोंद घाल, कारण साधा टिंब तिथे थबकतो. जुळणी नसलेली लांबच लांब ओळ घाल आणि वेळ मोज.

हे झालं की पॅटर्नच्या जागी मुद्दाम ग्रीडी ".*" ठेव आणि सगळ्या टेस्ट पुन्हा चालव. एक तरी लाल झालीच पाहिजे. तोवर पुश करायचं नाही, आणि मला फोनही करायचा नाही.