एका बिलावर एकच

सणासुदीला आपण खरेदीसाठी नगरला जातो. सुपरमार्केटात पाटी असते : 'सवलतीची साखर, एका बिलावर एकच पिशवी.' मग आपण घरातल्या चौघांना चार रांगांत उभे करतो. ही फसवणूक आहे का? पाटीचे शब्द तर आपण पाळले! पण तिचा हेतू? दुकानदाराची सोय काहीही असो, मर्यादेमुळे मागच्यालाही वाटा मिळतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना रेशनवर दरमहा माणशी ५ किलो धान्य ठरवले. तिथे अंगठा घेणारे यंत्र असते. इथे पहारा फक्त आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा. संध्याकाळी मजुरी घेऊन आलेल्या बहिणीला रिकामी फळी दिसली, तर आपली बचत तिच्याच पिशवीतून झाली. बंधुभगिनींनो, यापुढे घरची गरज मोजू या, रांगा नव्हे.