मुक्याचे ताट

आपली दिवाळी जनावरापासून सुरू होते. पहिला दिवा गोठ्यात लागतो आणि पहिले ताट गायीपुढे येते. आमचा गोठा जाऊन तीस वर्षे झाली, पण वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी घेऊन माझी आई अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातेच. तिथे दूधवाल्याची गाय बांधलेली असते. बैलांना आपण पोळा दिला, नागाला पंचमी दिली. पंचांगात जिच्या वाट्याला एकही तिथी आलेली नाही अशी एक मुकी पाहुणी मात्र गेली दोन वर्षे माझ्या घरात राहते आहे. तिच्यापायी मला एक प्रश्न पडला. फराळाच्या ताटावर असले प्रश्न काढू नयेत हे मला समजते. पण प्रश्न खाण्याविषयीचाच आहे.

धाकटीच्या दहाव्या वाढदिवसाला तिच्या मामाने एक पुठ्ठ्याचे खोके आणले. उघडून पाहतो तो आत मूठभर आकाराचा, तपकिरी, शेपटी नसलेला एक जीव थरथरत बसलेला. आई पुढे येऊन म्हणाली,

"उंदीर कशाला रे आणलास घरात?"

"उंदीर नव्हे आजी, गिनीपिग."

"पिग म्हणजे डुक्कर," थोरल्याने आपले इंग्रजी पाजळले. आईने कपाळाला हात लावला.

खरे म्हणजे तो प्राणी डुकराच्या गोत्यातला नाही आणि गिनी देशातलाही नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, पेरू आणि बोलिव्हियाच्या बाजूला. पण हे मला फार पुढे कळले. त्या दिवशी एवढेच ठरले की ती मादी आहे, आणि रंगावरून तिचे नाव खारीक ठेवायचे. दुकानदाराने सांगितले होते, 'काहीही खाते, त्रास नाही.' या चार शब्दांवर आमचा संसार सुरू झाला.

खारीक थोड्याच दिवसांत माणसाळली. सकाळी सहाला मी चहाला बसलो की बशीचा आवाज ऐकून ती पिंजऱ्यात पुढचे पाय उचलून उभी राही आणि लांबलचक शीळ घाली. ती शीळ मला फार आवडे. मी शिक्षक आहे. माझ्या येण्याने कुणी आनंदाने ओरडले असा प्रसंग तीस मिनिटांच्या तासात सहसा येत नाही. मी कादंबऱ्याही लिहितो. त्यांचेही स्वागत शिट्ट्यांनी झाल्याचे स्मरणात नाही. तेव्हा बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्या बशीतून तिच्याकडे जाऊ लागला. बायको भिजवलेले हरभरे देई, मुले पोळीचे तुकडे देत, आई तोंडाने 'उंदीर' म्हणत असली तरी भाताची मूद तिच्यासाठी बाजूला काढून ठेवी. अधूनमधून काकडीची चकती. खारीक गुबगुबीत झाली. येणारा-जाणारा म्हणे, "काय नशीब काढलंय!" आणि आम्ही ते आमचे कौतुक समजून घेत असू.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी बशी वाजवली आणि शीळ आली नाही. ती कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. उचलायला हात घातला तर अशी किंचाळली की मी हात मागे घेतला. मागचे पाय ओढत ती पुन्हा कोपऱ्यात गेली. पायांचे सांधे सुजले होते.

आमच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा सारा जन्म गाई-म्हशींत गेलेला. त्यांनी सवयीने सुई भरायला घेतली आणि मध्येच हात थांबवला. "मास्तर, मला गाय कळते. हे कळत नाही," ते म्हणाले. "मला न कळणाऱ्या जनावराला मी सुई टोचणार नाही. थांबा, विचारून घेऊ." त्यांनी पुण्याला एकांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "खायला काय देतात?" मी आमच्या प्रेमाची यादी वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर त्या बाईंनी शांतपणे विचारले, "आणि गवत?"

गवत आम्ही कधीच दिले नव्हते. 'क' जीवनसत्त्व तर लांबच राहिले.

त्या दिवशी मला जे समजले ते असे. बहुतेक प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या शरीरात स्वतःच तयार करतात. माणसाला ते साधत नाही, माकडांना साधत नाही, आणि गिनीपिगलाही साधत नाही. म्हणजे या बाबतीत आपण आणि ती एकाच पंगतीला बसतो. ते रोजच्या अन्नातून मिळाले नाही तर काही आठवड्यांतच तिला स्कर्व्ही होतो, पूर्वी दर्यावर्दी खलाशांना होई तोच. सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, नुसत्या स्पर्शानेही कळ येते. तिचे दातही जन्मभर वाढत राहतात. ते झिजायला आणि पोट चालायला दिवसभर गवत चघळावे लागते. तिचे पोट कसे नाजूक, तर पेनिसिलिन, ज्याने लक्षावधी माणसे वाचवली, ते तिच्या आतड्यातले उपकारक जंतू मारून तिचाच जीव घेऊ शकते. डॉक्टरांच्या त्या भरल्या सुईत काय होते ते मी विचारले नाही.

दिवसाला वीस-तीस मिलिग्रॅमचा हिशेब होता. पेरूच्या एका फोडीत मावण्याइतका! आजारी असल्यामुळे पहिले काही दिवस थेंबांनी जास्त द्यावे लागले. आठवड्याभरात ती चालू लागली. मागचा एक पाय मात्र जरा फेंगडा राहिला, तो आजही आहे.

इथे एखादा वाचक म्हणेल, मास्तर, झाले गेले, बिचारी वाचली ना? तुम्ही काही जाणूनबुजून केले नव्हते. मीही तेच म्हणून मनाची समजूत घालीत होतो. पण पुढे वाचता वाचता मला दोन माणसे भेटली आणि ती समजूत टिकली नाही.

पहिली व्यक्ती म्हणजे नॉर्वेचे शास्त्रज्ञ अॅक्सेल होल्स्ट. आज ज्याला आपण ऑस्लो म्हणतो त्या शहरात ते आणि थिओडोर फ्रॉलिक यांनी गिनीपिगना केवळ धान्य आणि पाव यांवर ठेवले. त्यांना बेरीबेरीसारख्या रोगाचा शोध घ्यायचा होता. प्राण्यांना झाला तो स्कर्व्ही. १९०७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्यातूनच पुढे 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट उघडली. आता गंमत पाहा. त्यांनी प्रयोगशाळेत दिलेले अन्न आणि मी माझ्या माजघरात दिलेले अन्न जवळजवळ एकच होते. धान्य, पाव, पोळी, बिस्किट. ते वही घेऊन बसले होते, मी चहाची बशी घेऊन. त्यांच्या हातून निदान मानवजातीला काही मिळाले. माझ्या हातून मला एक शीळ मिळत होती, एवढेच. पिंजऱ्याच्या आतून पाहणाऱ्याला आम्हा दोघांत काय फरक दिसला असेल?

दुसरी व्यक्ती एक नाही, अनेक आहेत. अँडीजच्या डोंगरातल्या बायका. तिथे या प्राण्याला 'कुई' म्हणतात आणि हजारो वर्षांपासून तो माणसाजवळ आहे. खेड्यापाड्यांत तो स्वयंपाकघरातच कळपाने हिंडतो, आणि सणावाराला भाजून खाल्ला जातो. कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातले एक चित्र आहे, ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे. त्यात मधल्या ताटात कुई आहे असे लोक समजतात. आमच्या घरात मुलांसमोर मी हा भाग सांगितलेला नाही. पण त्या बायका आपल्या कुईंना काय घालतात? लसूणघासाचा हिरवा चारा, भाजीची पाने, मक्याची ताटे. आणि त्यांना एकटे ठेवीत नाहीत. जी बाई उद्या त्याला चुलीवर ठेवणार ती त्याला नीट पोसते, आणि जो त्याच्यावर जीव टाकतो तो त्याला पांगळे करतो! भूतदयेचे माप कुणाच्या पदरात घालायचे?

मला नामदेवांची गोष्ट आठवली. कुत्रे कोरडी भाकरी पळवून नेते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. लहानपणी मला त्यातली फक्त धाव दिसे. आता दिसते ते असे की भाकरी कुत्र्याने स्वतः निवडली होती. नामदेवांनी वर तूप वाढले इतकेच. एकनाथांनी तडफडणाऱ्या गाढवाला काशीहून आणलेली गंगा पाजली. तीही पाण्यासाठी व्याकुळ झालेल्या जनावराला पाणीच पाजले, प्रसादाचा पेढा भरवला नाही. आणि पाणी पिऊन गाढव आपल्या वाटेने गेले.

माझी खारीक कुठे जाणार? गल्लीतले मांजर आमचे दूध नासके निघाले तर शेजारी जाते. गाय उकिरड्यावरून बांधावर जाते. पिंजऱ्याचे दार मी लावले त्या क्षणी तिची सगळी निवड माझ्या हातात आली; भूक तिची, पण पर्याय माझे. मोकळ्या जनावराला न कळता वाईट घातले तर ती चूक. कोंडलेल्याच्या बाबतीत मला ते पुरेसे वाटत नाही. विचारायला मला वर्षभर वेळ होता. गावात डॉक्टर होते, खिशात फोन होता. मी विचारले नाही, कारण मला वाटत होते की मला ठाऊक आहे. आणि ठाऊक आहे असे वाटत होते, कारण ती शीळ घालीत होती. भुकेची हाक मी प्रेमाची पावती म्हणून खिशात घालीत होतो. (वर्गातही मी पंचवीस वर्षांत असली बिस्किटे किती वाटली असतील, हा विचार मी पुढच्या दिवाळीसाठी ठेवतो.) माझे विज्ञान दहावीपर्यंतचे, ही सबबही चालत नाही. कारण त्या दिवशी त्या गायीच्या डॉक्टरांनी जे केले, त्याला विज्ञान थोडेच लागले. 'हे मला कळत नाही' एवढेच म्हणावे लागले. ते मला त्या गुबगुबीतपणाच्या दिवसांत सुचायला हवे होते.

मग पाळूच नये का? इथे मी अडतो. पुण्याच्या बाईंनी आणखी एक सांगितले: हा कळपाचा प्राणी, एकटा ठेवू नये. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकच गिनीपिग ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे दुसरी आणायची. गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतात. दोघींतली एक आधी जाणार. मग उरलेलीसाठी तिसरी. एका वाढदिवसाने आम्ही एक न संपणारी साखळी सुरू केली. शिवाय दुकानातून आणावी तर 'काहीही खाते' म्हणणाऱ्या त्या गृहस्थालाच पैसे. शेवटी पुण्यातले एक कुटुंब परगावी जात होते, त्यांची पांढरी मादी आम्ही आणली. तिचे नाव साय. दोघी पहिले दोन दिवस भांडल्या, आता एकमेकींच्या अंगाला अंग लावून झोपतात. ते पाहताना मला बरे वाटते आणि लगेच आठवते की खारीक वर्षभर कुणाच्याही अंगाला अंग न लावता झोपली होती. ते वर्ष मी तिला परत देऊ शकत नाही.

आता आमचा दिवस गवतावर चालतो. शाळेतून येताना मी मैदानाच्या कडेची, फवारा न मारलेली हरळी उपटून पिशवीत भरतो. हेडमास्तरांना वाटते गणपतीसाठी दूर्वा. मी तसेच वाटू देतो. मंडईतली भाजीवाली कोथिंबिरीच्या काड्या राखून ठेवते. उन्हाळ्यात पिंजरा माजघरात येतो, वर ओले फडके. उकाडा त्यांना सोसत नाही. बशी वाजली की शीळ अजून येते, आता दोघींची. मी बिस्किट एकटाच खातो.

परवाच्या वसुबारसेला आई गायीकडे जाऊन आली. ताटात भाकरीचा एक चतकोर उरला होता. ती पिंजऱ्यापाशी आली, वाकली, भाकरी पुढे नेली आणि तिचा हात तसाच थांबला.

"काय रे," ती म्हणाली, "वसुबारसेचं हिला काय चालतं?"

"पेरू दे. एवढीशी फोड."

आईने भाकरी ताटात परत ठेवली आणि विळी शोधायला स्वयंपाकघरात गेली.