घाण कुणाची, हात कुणाचे?

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईच्या घाटांवरून वाहत कराडला येते, तिथे कोयना तिला मिळते आणि मग ती सांगली गाठते. सांगलीकर तिचेच पाणी पितात. वरच्या गावात पुलावरून भिरकावलेली पिशवी खालच्या गावाच्या घाटाला लागते. ज्याचे कर्म त्याला फळ, हा हिशेब इथे जुळत नाही, कारण टाकणारा वर सुखात राहतो आणि भोगतो तो खालचा. मग टाकणाऱ्याचे कर्तव्य नेमके कुठे संपते?

शुद्धतेचा विचार आपल्या परंपरेने पुष्कळ केला. पण त्यातला मोठा भाग घाण आपल्यापासून लांब ठेवण्याचाच होता. सोवळ्यातले स्वयंपाकघर लखलखीत आणि उकिरडा वेशीबाहेर! तो उकिरडा उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. एकाची शुद्धी दुसऱ्याला अशुद्ध ठरवून साधत असेल, तर तिला धर्म म्हणवत नाही.

गाडगेबाबांनी हे गणित उलटे केले. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचा आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. उपदेश कानी पडण्याआधीच गावाने तो डोळ्यांनी पाहिलेला असे. साताऱ्याच्या मातीत या विचाराला शाळा मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथे अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग होता. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला नाव मिळाले सद्गुरू गाडगे महाराजांचे. पुढे बाबांच्याच नावाने राज्यभर ग्रामस्वच्छता अभियान उभे राहिले. ते राबवणारे तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील हे तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे.

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी देशात पहिली आली. सलग तीन वर्षे हा मान सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच राहिला, याचा अभिमान वाटायलाच हवा. तरीही क्रमांक नगरपालिकेला मिळतो. खरी परीक्षा हॉटेलच्या मोरीत होते.

दुधाची पिशवीच घ्या. कोपरा पूर्ण कापला, की नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारातून नदीची वाट धरतो. कोपरा पिशवीलाच लोंबता ठेवला, पिशवी विसळून वाळवली, तर भंगारवाला ती घेतो. तीच पिशवी उरलेल्या रश्श्यात बरबटून घंटागाडीत गेली, तर तिचे मोल संपते आणि कुण्या बाईला त्या राड्यात हात घालून निवड करावी लागते. ओला-सुका कचरा वेगळा करणे हे निर्माण करणाऱ्याचेच काम, असे घनकचरा नियम सांगतात. गाडगेबाबांचे म्हणणेही याहून निराळे नव्हते. ज्याची घाण, त्याचे हात.

पण पुनर्वापर हे फार तर प्रायश्चित्त झाले. सांगलीत मोठ्या संख्येने असलेला जैन समाज अपरिग्रहाचे व्रत मानतो. ते एक पायरी आधी सुरू होते: गरजेपुरतेच घ्यावे. मंगल कार्यालयात कागदी पेल्यांची रास गोळा करून तिचे काय करायचे, यावर डोके खाजवण्यापेक्षा स्टीलचे पेले घासलेले बरे. कागदी म्हणवणाऱ्या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे तो रद्दीत सहज खपत नाही. घासायला माणसे लागतात, पैसे लागतात, हे खरेच आहे. पण तो खर्च ज्याच्या घरचे लग्न त्याने सोसावा, नदीकाठच्या दुसऱ्या गावाने का?

शाळांची गोष्ट अधिक नाजूक आहे. मस्ती केली म्हणून पोराला मैदानातले कागद वेचायला लावले, की तो एकच धडा शिकतो: हे काम हलके आहे, अपराध्याचे आहे. स्वच्छता दिनाची सगळी भाषणे त्या एका शिक्षेपुढे फिकी पडतात. जातीने जे शिकवले तेच शाळा नकळत पुन्हा शिकवते. त्यापेक्षा ओल्या कचऱ्याचा डबा खतखड्ड्यापर्यंत नेण्याची पाळी लावावी, हुशार मुलांना त्यातून सूट देऊ नये आणि पाळीच्या तक्त्यावर पहिले नाव मुख्याध्यापकांचे लिहावे.